दोरीपाशी उभं राहायची वर्गणी : क्लार्कस्टनच्या एका संस्थेचा रिव्ह्यू

आधीच सांगते, या वर्गणीतून हातात पडण्यासारखं काही येत नाही. एक कापडी पिशवी येते, तीही पहिल्याच धुण्यात आटते. महिन्याला २५ डॉलर कार्डावरून जातात आणि बदल्यात ईमेल येतात. भरपूर येतात. तरीही मी ती चालू ठेवली आहे, आणि अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक, अल्फारेटा, कमिंगकडच्या आपल्या मराठी मंडळींनी निदान विचार तरी करावा असं मला वाटतं. हॉटेलांचे आणि मिक्सरचे रिव्ह्यू आपण मन लावून लिहितो. ज्या संस्थेला दर महिन्याला पैसे देतो, तिचा मात्र कुणी लिहीत नाही.

संस्था क्लार्कस्टनची आहे, निर्वासितांसाठी राज्याच्या कायद्यांच्या मागे लागणारी. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तिच्याबद्दल कुरकुर करणार आहे, आणि ते ऑफिस आहे मोजक्या चार डोक्यांचं; माझ्या कुरकुरीचा भलत्याच कुणी भलता उपयोग करायला नको. मला ओळखत असाल तर फोन करा, सांगेन.

क्लार्कस्टनला कधी गेला नसाल तर: जॉर्जियात, अटलांटाजवळच्या डीकॅल्ब काउंटीत, डिकेटरच्या पुढे आणि स्टोन माउंटनच्या अलीकडे हे छोटंसं गाव आहे. परवडणारी अपार्टमेंटं, मार्टाची (अटलांटाच्या सार्वजनिक वाहतुकीची) बस आणि अटलांटातल्या नोकऱ्या हाताशी, म्हणून १९८० च्या दशकापासून निर्वासितांना तिथे घरं मिळत गेली. व्हिएतनामी आले, बोस्नियन आले, सोमाली आले, मग भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी भाषक, बर्मातले करेन, चिन आणि रोहिंग्या, काँगोचे, सीरियाचे, अफगाणिस्तानचे. तुम्ही गाव पाहिलं नसलं तरी माणसं पाहिली असतील. युअर डीकॅल्ब फार्मर्स मार्केटमध्ये मासळी किंवा गाडीभर भाजी आणायला जाता ना? तिथल्या कामगारांच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांना येणाऱ्या भाषा लिहिलेल्या असतात. त्यातले कितीतरी याच वाटेने आलेले.

आता संस्था काय करत नाही ते आधी. ती तांदूळ वाटत नाही, सोफे गोळा करत नाही, इंग्रजी शिकवत नाही. ती कामं करणाऱ्या दुसऱ्या संस्था तिथे आहेत आणि त्या उत्तम करतात. ही संस्था फक्त राज्याचे कायदे आणि नियम यांच्या मागे लागते. जानेवारीपासून विधिमंडळ भरलं की कुठलं बिल आलं, कुठल्या कमिटीकडे गेलं, त्यात निर्वासितांना बाहेर ठेवणारा एखादा शब्द बसलाय का, हे बघत बसायचं. साक्ष द्यायची, आमदारांना भेटायचं, भेटून पुन्हा भेटायचं. उरलेलं वर्षभर सरकारी खात्यांच्या फॉर्मांशी झगडायचं. फोटो काढण्यासारखं यात काही नाही, आणि म्हणूनच देणग्या कमी.

मंडळातल्या एका काकूंनी मला तोंडावर विचारलं, "अगं, त्यांना डाळ-तांदूळ दे, पांघरुणं दे. कायद्याने कुणाचं पोट भरलंय?" काकू स्वतः दर थंडीत गाडी भरून सामान नेऊन देतात, त्यामुळे त्यांना हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे. पण गेल्या वर्षात काय काय झालं ते पाहा. नव्याने आलेल्या निर्वासिताला केंद्राकडून मिळणारी रोख मदत बारा महिन्यांपर्यंत मिळू शकायची, ती मे २०२५ पासून चार महिन्यांवर आली. जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने तर निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक फूड स्टँपच्या, म्हणजे सरकारी अन्नमदतीच्या, पात्रतेतूनच वगळले गेले. ऑक्टोबर २०२६ पासून मेडिकेडचंही, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचंही, तेच. काकूंची गाडी कितीही मोठी असली तरी हे भगदाड तिने बुजणार नाही. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी मात्र १९९७ मध्येच, आदल्या वर्षी केंद्राने असेच हात आखडते घेतले तेव्हा, केंद्राच्या नियमातून गळलेल्या परदेशी लोकांसाठी राज्याच्या पैशातून अन्नमदत सुरू केली. ती तिथल्या विधिमंडळांत कुणीतरी मागितली, तेव्हा मिळाली. जॉर्जियात असं काही होईल या भ्रमात मी नाही. पण पोट कायद्याने भरतं, आणि रिकामंही कायद्यानेच राहतं.

"हा सगळा वॉशिंग्टनचा विषय, अटलांटात काय करायचं?" हा दुसरा प्रश्न. अर्धा बरोबर आहे. किती निर्वासित घ्यायचे ते १९८० च्या रेफ्युजी अ‍ॅक्टप्रमाणे राष्ट्राध्यक्ष दरवर्षी ठरवतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात मर्यादा १,२५,००० होती आणि लाखभर लोक आले. २०२६ साठी ती ७,५०० वर आणली गेली. त्यावर जॉन्स क्रीकमधून माझा काही जोर चालत नाही. पण माणूस एकदा इथे उतरला की त्याचं गाडीचं लायसन्स, मुलांची शाळा, कॉलेजची फी, व्यवसायाचा परवाना, सरकारी कचेरीतला दुभाषा, हे सगळं राज्याच्या हातात असतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या हल्ल्यानंतर आपले तेव्हाचे गव्हर्नर नेथन डील यांनी आदेश काढला होता, की राज्याच्या खात्यांनी सीरियन निर्वासितांच्या पुनर्वसनात हातभार लावू नये. डिसेंबरच्या शेवटी त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅटर्नी जनरल सॅम ओलेन्स यांनी मत दिलं की गव्हर्नरला तसा अधिकार नाही, आणि जानेवारीत आदेश मागे घेतला गेला. मधले आठवडे क्लार्कस्टनमध्ये नुकत्या उतरलेल्या कुटुंबांचं काय झालं असेल याचा विचार करा. अशा आठवड्यांत कायदा वाचता येणारी माणसं गावात आधीपासून बसलेली असावी लागतात. ती ऐनवेळी भाड्याने मिळत नाहीत.

माझं काम इन्शुरन्सचे क्लेम तपासण्याचं. कागद पाहिल्याशिवाय माझ्या हातून पैसे सुटत नाहीत. तेव्हा वर्गणी सुरू करण्याआधी मी संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेला वार्षिक हिशेब, काढून वाचला. आयआरएसच्या, म्हणजे त्याच करखात्याच्या, साइटवर कुठल्याही ५०१-सी-३ (धर्मादाय) संस्थेचं नाव टाका, बहुतेकांचा मिळतो. अगदी छोट्या संस्था, ज्यांची वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असते, त्या फक्त पोस्टकार्डासारखी एक नोंद करतात. तिथे वाचण्यासारखं काही नसतं, थेट त्यांनाच हिशेब मागावा. मोठा फॉर्म असेल तर पगार किती, निधी जमवण्यावर खर्च किती, हे सगळे बघतात. तुम्ही शेड्यूल सी बघा. लॉबिंगवर, म्हणजे कायद्यांसाठी आमदारांना गाठण्यावर, किती खर्च केला ते तिथे असतं.

कारण आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे, की धर्मादाय संस्थेला लॉबिंग करताच येत नाही. येतं. उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही, पण कायद्यासाठी आमदाराला भेटता येतं, फक्त मर्यादेत. १९७६ पासून ५०१-एच नावाचा पर्याय आहे: संस्थेने एक छोटा फॉर्म भरला की मर्यादा आकड्यात ठरते. पहिल्या ५,००,००० डॉलरच्या खर्चापैकी २० टक्के लॉबिंगवर खर्च करता येतात, पुढे टक्का उतरत जातो, आणि एकूण कमाल मर्यादा १० लाख डॉलर. त्यातला पाव हिस्सा "तुमच्या आमदाराला फोन करा" असं जनतेला सांगण्यासाठी. आमच्या संस्थेने हा फॉर्म भरलाय, आणि खर्च मर्यादेच्या बराच खाली आहे. उलट मला वाटलं, आणखी करा की.

मग विचारल्यावर कळलं की अडचण मर्यादेची नाही, पैशाच्या जातीची आहे. केंद्राचं अनुदान लॉबिंगवर वापरता येत नाही. मोठ्या खासगी फाउंडेशनांनाही "हे घ्या, अमुक बिलासाठी लॉबिंग करा" असं म्हणून पैसे देता येत नाहीत. इंग्रजीच्या वर्गाला, नोकरी शोधून देण्याला अनुदान मिळतं. कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, जाऊन उभं राहणाऱ्या माणसाच्या त्या तासांचा पगार मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बिनअटीच्या पैशातूनच निघतो. माझ्या २५ डॉलरला दुसरीकडे कुठे एवढी किंमत आहे? एखाद्या मोठ्या राष्ट्रीय संस्थेत ते कुठल्या कुठे जातील. हा या वर्गणीचा सगळ्यात मोठा गुण, आणि गंमत म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर हे एका ओळीतही सांगितलेलं नाही. तिथे नुसती हसऱ्या मुलांची चित्रं.

वर्गणीदारांसाठी डिसेंबरात एक शनिवार ट्रेनिंग असतं. याला मी पाचपैकी पाच देईन. शिकवणारी बाई शाळामास्तरीण शोभेल अशी. नाव सांगा, झिप कोड सांगा, एकच गोष्ट मागा, आभार माना आणि गप्प बसा. आपल्या लोकांना शेवटचं सगळ्यात जड जातं. आमदार "बघतो" म्हणाला की आपण लगेच गाव, शाळा, मुलाचे मार्क, सगळं सांगत सुटतो. बाईंनी आम्हाला जोड्या लावून सराव करायला लावला, आणि कुणी दुसरं वाक्य सुरू केलं की पेन्सिल टेबलावर आपटायच्या.

शिवाय विधिमंडळाचं वेळापत्रक तिथे नीट समजतं. जॉर्जियाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं आणि कामकाजाचे ४० दिवस चालतं, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिलपर्यंत. अठ्ठाविसावा दिवस क्रॉसओव्हर डे. तोपर्यंत बिल एका सभागृहातून पार झालं नाही, तर त्या वर्षापुरतं जवळजवळ संपलंच. दुसऱ्या एखाद्या बिलाला शेपटासारखं जोडून आणलं तरच. १८० रिप्रेझेंटेटिव्ह, ५६ सेनेटर, बहुतेकांचे इतर व्यवसाय आहेत. आपला सेनेटर कोण हे ट्रेनिंगला आलेल्या आपल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, आणि त्यातले निम्मे नागरिक, मतदार!

आता कॅपिटॉलचा दिवस. उत्तरेकडून येणाऱ्यांनी गाडी डोराव्हिल किंवा नॉर्थ स्प्रिंग्जला ठेवावी, मार्टाने फाइव्ह पॉइंट्सला उतरून पूर्वेकडची गाडी पकडावी, पुढचंच जॉर्जिया स्टेट स्टेशन. तिथून सोनेरी घुमट दिसतोच. दाराशी बॅगा तपासतात. लोक नटूनथटून येतात: करेन बायकांचे विणलेले झगे, काँगोच्या बायकांचे डोळे दिपवणारे कपडे. माझी जोडी लागली एका भूतानी दाजूंबरोबर (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ). डोक्यावर ढाका टोपी, अंगात कोट. ते नेपाळमधल्या छावणीत वर्षानुवर्षं काढून इथे आले, आता नागरिक आहेत. आम्ही हिंदीत बोललो. मला ते "बहिनी", म्हणजे धाकटी बहीण, म्हणत होते.

सभागृह चालू असताना आमदाराला बाहेर बोलवायची पद्धत पाहण्यासारखी आहे. सभागृहाच्या दाराबाहेर जाड दोऱ्या लावलेल्या असतात, त्यांच्यामागे सगळे उभे. लॉबिस्टांच्या भाषेत ती जागाच "द रोप्स". तुम्ही चिठ्ठीवर आमदाराचं नाव आणि तुमचं नाव लिहायचं, ती आत जाते, आणि मग वाट बघायची. शेजारी हजारो डॉलरचे सूट घातलेले कंपन्यांचे लॉबिस्ट, दारूविक्रेत्यांचे, इस्पितळांचे, विमा कंपन्यांचे. माझ्याच धंद्यातल्या लोकांचा माणूस शेजारी उभा होता, आणि त्याची चिठ्ठी गेली की आमदार मिनिटाभरात बाहेर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. आमची चिठ्ठी गेली ती गेलीच. दाजू मात्र निवांत. छावणीत रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला दोरीचं काय!

शेवटी आमदारसाहेब आले. हातात फोन, पण बोलणं सभ्य. दाजूंनी नाव सांगितलं, झिप कोड सांगितला, आणि एकच गोष्ट मागितली: कॉलेजच्या फीची. सरकारी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्याचा दर मिळायला इथे बारा महिने वास्तव्य लागतं. आता क्लार्कस्टनमध्येच जॉर्जिया स्टेटच्या पेरिमीटर कॉलेजचा कॅम्पस आहे. सरकारने स्वतः आणून त्या गावात ठेवलेली मुलगी, दुसऱ्या कुठल्याही राज्यात जिचं घर नाही, ती घरापासून पायी जाता येईल अशा कॉलेजात परराज्यातल्या विद्यार्थ्याचा दर भरणार, नाहीतर वर्षभर थांबणार. थांबलेलं मूल बहुतेक वेळा गोदामात किंवा कोंबड्यांच्या कारखान्यात लागतं आणि मग परत येत नाही. ही अट निर्वासितांसाठी काढावी म्हणून २०२२ मध्ये एका रिपब्लिकन आमदाराचं बिल आलं होतं. त्या अधिवेशनात त्याचा कायदा झाला नाही. दाजूंनी हे तीन वाक्यांत सांगितलं आणि गप्प बसले. बाईंची पेन्सिल आठवली असावी.

आमदारांनी ऐकलं आणि विचारलं, "याला खर्च किती?"

प्रश्न अगदी रास्त. हाच पहिला प्रश्न येणार हे कुणालाही कळावं. आणि आमच्या हातात संस्थेने दिलेल्या गुळगुळीत रंगीत पत्रकावर खर्चाचा आकडा नव्हता. मुलांचे फोटो होते, बिलाची माहिती होती, एक सुविचार होता, आकडा नव्हता. संस्थेची मुलगी धावत आली, "आजच पाठवते" म्हणाली. आकडा तयार होऊन गेला तो क्रॉसओव्हर डे उलटल्यावर. मी हे त्यांना लेखी कळवलंय. माझ्या ऑफिसात असा क्लेम मी पहिल्या पानावर परत पाठवला असता.

दुपारी वेळ मिळाला तर चौथ्या मजल्यावर जा, दोन डोक्यांचं पेंढा भरलेलं वासरू ठेवलंय. विधिमंडळाच्या इमारतीत ते ठेवायची कल्पना कुणाची कोण जाणे, पण मला तरी योग्य जागी वाटलं.

तक्रारी आणखी आहेत. ईमेलचा विषय कायम "तातडीचं". सगळंच तातडीचं असेल तर मी कशाला धावू? उद्या सकाळी आठला सबकमिटी, असं आदल्या रात्री कळवतात. यात पूर्ण दोष त्यांचा नाही, अजेंडाच उशिरा लागतो. पण येण्याची शक्यता असलेली बिलं आठवडाभर आधी सांगता येतील की. देणगीच्या पानावर पैसे भरताना "प्लॅटफॉर्मसाठी टिप" आधीच टिक केलेली असते, ती शोधून काढावी लागते. नाही पाहिली तर २५ चे २८-२९ होतात, आणि ते वरचे पैसे संस्थेला जातच नाहीत.

आणि एक गोष्ट मला खटकते ती सगळ्यात जास्त. दरवर्षी एखाद्या कुटुंबाला माइकपुढे उभं करून घर कसं जळलं, भाऊ कसा गेला, हे सांगायला लावतात. समोर फोन उंचावून चित्रण करणारे. एकदा एक अफगाण मुलगी मध्येच थांबली, पाणी प्यायली, आणि संयोजकांनी तिला खुणेने "पुढे" म्हटलं. त्या मुलीला कॉलेजची फी मागायची होती. फी मागायला भाऊ गमावल्याचा पुरावा कशाला लागतो? दाजूंचं बरं होतं; त्यांना कुणी छावणीबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "वो बाद में," आणि कागद पुढे करायचे. हेही मी कळवलंय. उत्तर आलं की लोक स्वखुशीने बोलतात. असेल.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. खर्चाच्या आकड्यासाठी अर्धा कापला, माइकसाठी अर्धा. ईमेलचा कापत नाही, कारण विनंती केली तर आठवड्याचं एकच पत्र पाठवतात. विनंती करावी लागते, एवढंच.

ही वर्गणी कुणी घेऊ नये? ज्यांना वर्षाअखेर "तुमच्या पैशातून इतक्या मुलांना दप्तरं" असं पत्र हवंय त्यांनी. इथे वर्षाअखेर "बिल कमिटीत राहिलं" असं पत्र येतं. निकालाची घाई असणाऱ्यांनीही नको. पण हे काम कुठेच होत नाही असं समजू नका. शेजारच्या टेनेसीने, ज्याला कुणी डाव्या विचारांचं राज्य म्हणणार नाही, २०२३ मध्ये कायदा करून परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथली रेसिडेन्सी (इस्पितळातलं प्रशिक्षण) पुन्हा न करता तात्पुरत्या लायसन्सची वाट दिली. मग एकामागून एक राज्यं त्याच मार्गाने निघाली. मिनेसोटात तर परदेशी डॉक्टरांना मार्गी लावणारा राज्याचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. याचा फायदा फक्त निर्वासितांना नाही. आपल्याकडे बायको एमबीबीएस आणि इथे डिपेंडंट व्हिसावर घरी, अशी घरं तुम्हीही मोजू शकाल.

आता तो विषय, जो पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, हमखास निघतो. "आम्ही पंधरा-पंधरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत, आणि यांना वर्षात मिळतं!" राग मला समजतो, मीही त्याच रांगेत केस पिकवलेत. पण रांगा वेगळ्या आहेत. आपली अडचण नोकरीवाल्या वर्षाच्या साधारण १,४०,००० कार्डांची आणि प्रत्येक देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेची आहे. निर्वासितांची कार्डं त्या कोट्यातून जात नाहीत. उद्या एकही निर्वासित आला नाही तरी तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतल्या नंबराची तारीख) एका दिवसाने पुढे सरकणार नाही. २०२६ ची मर्यादा ७,५०० झालीच आहे, तुमची तारीख हलली का बघा. आणि त्यांना वर्षाने "मिळत" नाही, वर्षाने अर्ज करावाच लागतो, तसा कायदा आहे. इथे आणणाऱ्या विमानाचं तिकीटसुद्धा बिनव्याजी कर्ज असतं, ते हप्त्याने फेडतात. हे दाजूंनी सांगेपर्यंत आमच्या पॉटलकमध्ये कुणाच्या गावीही नव्हतं.

व्हिसावर असलेल्यांच्या शंकांची उत्तरं, कारण मला वारंवार विचारतात. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असताना ५०१-सी-३ संस्थेला देणगी देता येते. आमदाराला फोन करता येतो, भेटता येतं. तुम्ही इथे राहता आणि कर भरता. निवडणुकीच्या उमेदवाराला मात्र एक डॉलरही द्यायचा नाही, त्याला ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं. बिनपगारी, खरोखरीचं स्वयंसेवकाचं काम चालतं. ज्याचे एरवी पगार देतात ते काम फुकट करणं चालत नाही. करासाठी पावती जपून ठेवा. स्टँडर्ड डिडक्शन (ठोक वजावट) घेणाऱ्यांनाही २०२६ च्या करवर्षापासून रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. ५०१-सी-४ संस्थेला (ती धर्मादाय धरली जात नाही) दिलेत तर नाही, म्हणून नाव नीट वाचा. काही संस्थांच्या दोन्ही शाखा असतात आणि नावं जुळ्या भावांसारखी. कंपनीच्या मॅचिंगमध्ये (तुमच्या देणगीला कंपनी आपली भर घालते त्यात) कधी कधी धोरणविषयक काम करणाऱ्या संस्था वगळलेल्या असतात. माझ्या कंपनीने जुळवून दिले, तुमच्या एचआरला विचारा.

काकूंनी अजून वर्गणी घेतलेली नाही. पण पुढच्या जानेवारीत दोरीपाशी यायला त्या तयार आहेत, आणि आमदाराला काय सुनवायचं ते त्यांनी ठरवूनही ठेवलंय, त्यामुळे त्यांना आधी शनिवारच्या ट्रेनिंगला नेणं भाग आहे. संस्थेला मी एवढंच कळवलंय की या वेळचं पत्रक छपाईला जाण्याआधी मला पाठवा, खर्चाचा आकडा पहिल्या पानावर आहे का ते बघून देते. अजून आलेलं नाही. "तातडीचं" म्हणून पुन्हा लिहिलंय.